शेवटच्या पानाची पिन

वाचनालयात नोकरी धरली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. काउंटरमागे खुर्ची टाकून बसायचं, बाकीचं लोक बघून घेतात. मी मूळची नांदेडची. उदगीरच्या या वाचनालयात रुजू झाले तेव्हा मला तीनच प्रश्न विचारले जायचे: पेपर आला का, पंखा का बंद आहे, आणि लातूरची गाडी गेली का? आता निम्मे प्रश्न लंडनच्या एका माणसाबद्दल असतात!

माणूस म्हणजे गोष्टीतला हं. घोडागाड्यांच्या काळातला, राणीच्या राज्यातला तो जगप्रसिद्ध गुप्तहेर. तोंडात पाइप, सोबत डॉक्टर मित्र. नाव सांगायची गरज नाही, तुम्ही ओळखलंच असेल. आमच्याकडे त्याला नुसतं ‘साहेब’ म्हणतात. त्याच्यामुळे मला उदगीरमध्ये माणसं मिळाली, म्हणून त्याचं देणं लागते असं मला मनापासून वाटतं.

*

सुरुवात केली कांबळेमामांनी. मामा एसटीत कंडक्टर होते. उदगीर-लातूर आणि उदगीर-नांदेड या दोन रस्त्यांवर त्यांची हयात गेली. रिटायर झाल्यावर रोज दुपारी “जयभीम, बाई” म्हणत आत यायचे आणि खिडकीपाशी बसून साहेबांच्या गोष्टी वाचायचे. मामी वारलेल्या, मुलगा विनोद पुण्याला नोकरीत. मग काचबिंदूने डोळे कमी व्हायला लागले. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळा.

एका गुरुवारी मामा पुस्तक घेऊन काउंटरशी आले. “बाई, अक्षरं हालून राहिली. खुनी कोण हाय, तेवढं वाचून दावता का?”

मी म्हटलं, तेवढंच कशाला, पहिल्यापासून वाचते. दुसऱ्या गुरुवारी समोरच्या दुकानातले शेखचाचा येऊन बसले. चाचा शिंपी, पण हात रिकामे असले की त्यांना करमत नाही, म्हणून काजाबटणाचं काम सोबत आणायचे. मग सायन्सचे रिटायर शिक्षक पाटील सर आले. आणि मग अक्का आल्या. अक्कांचं माहेर भालकीकडचं, शेत गावाकडे, आणि मुलीच्या अकरावी-बारावीसाठी उदगीरला खोली करून राहिलेल्या. मुलगी ट्यूशनला गेली की तेवढा वेळ आमच्यात. झालं, कट्टा जमला.

*

पाटील सरांनी पहिल्याच महिन्यात नियम काढला. डोकं न चालवता उत्तर ऐकणं हा साहेबांचा अपमान आहे, असं त्यांचं ठाम मत. म्हणून चाचांच्या दुकानातली एक मोठी सेफ्टी पिन आली. गोष्टीची शेवटची पानं त्या पिनेने बंद करायची. तिथपर्यंत मी वाचायचं, मग प्रत्येकाने गुन्हेगाराचं नाव सांगायचं, मी ते लिहून घ्यायचं, आणि मगच पिन काढायची. ज्याचा अंदाज बरोबर येईल त्याने ती पिन छातीवर लावून आठवडाभर गावात फिरायचं, पुढच्या गुरुवारी परत आणायची.

त्या पिनेला काय भाव आला म्हणता! अक्का ती पदरावर लावून भाजी आणायला जायच्या. पाटील सर तर सुटाला पिन लावून भाच्याच्या लग्नात मिरवले. फोटोग्राफरने काढायला सांगितली, सरांनी साफ नकार दिला. अल्बमच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या हाराच्या शेजारी ती पिन चमकते आहे.

मामांना मात्र पिन एकदाही मिळाली नाही. कारण गोष्ट कुठलीही असो, मामांचा गुन्हेगार ठरलेला: साहेबांचा मित्र, डॉक्टर!

सर डोक्याला हात लावायचे. मामा शांतपणे सांगायचे, “सर, बिनतिकिटाचा पाशिंजर कुठं उभा राहतो? कंडक्टरच्या शेजारी. सगळी गाडी तपासली जाती, त्यो तेवढा सुटतो.”

*

वाचकांचा सगळ्यात लाडका प्रश्न: साहेबांच्या टोपीला पुढे-मागे दोन्हीकडे छज्जा का? मुखपृष्ठावर ती टोपी होती, आणि चाचा शिंपी असल्यामुळे तो प्रश्न त्यांच्याकडे गेला. चाचांनी आठवडाभर विचार केला. लंडनमध्ये पाऊस फार, असं सर म्हणाले, पण चाचांचं समाधान झालं नाही.

उत्तर मामांनी दिलं. “सकाळी उदगीरहून लातूरला निघा, ऊन पाठीला. सांच्याला परत या, तरी ऊन पाठीलाच. माझी मान अशीच करपली. साहेब अप-डाऊन करत असतील!”

पुढच्या गुरुवारी चाचांनी मामांच्या जुन्या खाकी युनिफॉर्मच्या कापडाची तशी टोपी शिवून आणली. माप न घेता अगदी बरोबर बसली. मामांनी पैशाचं काढलं तेव्हा चाचा नुसते रागावले. उन्हाळ्यात ती टोपी घालून मामा चाचांचा हात धरून चौकातून येताना दिसले की ट्रॅफिक हवालदारसुद्धा गाड्या थांबवायचा. टोपी बघून की मामांचे डोळे बघून, ते विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

*

दुसरा प्रश्न अक्कांचा. साहेब कुठलीही केस घेवोत, अक्का आधी विचारणार, “जेवला का?”

घरमालकीणबाई गरम ताट आणून ठेवते आणि हा माणूस कोट चढवून बाहेर पडतो, हे वाचलं की अक्कांचा जीव खालीवर व्हायचा. एकदा तर वाचन मध्येच थांबवून त्या म्हणाल्या, “शोध लागंल चोराचा, न्हाई लागायचा. त्या बाईनं चुलीपुढं घाम गाळला त्याचा शोध कोण घेणार?”

मग ते निरीक्षणाचं वेड आमच्यात शिरलं. साहेब बुटांच्या चिखलावरून माणसाचं गाव सांगतात, तसं आमचे लोक एकमेकांना सांगायला लागले. चाचा म्हणाले, सर आज रिक्षाने आले. सर म्हणाले, छे, चालत आलो. चाचा म्हणाले, मग पँटला ऑइल कुठलं? ते दाराशी लावलेल्या सायकलच्या चेनचं निघालं आणि सरांना ते लागल्याचा पत्ताच नव्हता, तेव्हा दोघंही हरले.

तेव्हा माझी आई जाऊन महिना झाला होता. मी कुणाला काही बोलले नव्हते, वाचन नेहमीसारखं चालू होतं. गोष्ट संपली, सगळे उठले, अक्का बसून राहिल्या. माझ्या खुर्चीमागच्या खिळ्यावर डब्याची पिशवी असते, तिकडे बोट करून हळूच म्हणाल्या, “बाई, त्या पिशवीची गाठ सोमवारपासून तीच हाय.”

मला रडूच आलं. खरंच मी सोमवारपासून डबा उघडला नव्हता, रिकामा की भरलेला तेही बघितलं नव्हतं. अक्कांनी वाचनालयाला कुलूप लावायला लावलं आणि मला आपल्या खोलीवर नेलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर लिंबू. जेवण होईपर्यंत एक शब्द विचारला नाही. लंडनच्या साहेबांनी मोठमोठे गुन्हे शोधले असतील, पण माझ्या डब्याची गाठ उदगीरच्या अक्कांनीच ओळखली. त्या भाकरीची आठवण मला अजून पुरते.

*

तिसरा प्रश्न: साहेब मेले का?

हा प्रश्न अवघड, कारण एका गोष्टीत ते खरंच जातात. आम्ही ती वाचली त्या दिवशी चहासुद्धा कुणी घेतला नाही. अक्कांनी डोळे पुसले. चाचांनी दुवा केली. मामांनी उभं राहून दोन मिनिटं शांत राहायला सांगितलं, आणि पुढचा गुरुवार दुखवट्याचा म्हणून सुटी जाहीर केली.

साहेब परत येतात हे पाटील सरांना ठाऊक होतं. पण शेवट आधी सांगायचा नाही हा नियम त्यांचाच! बिचारे दोन आठवडे तोंड मिटून बसले. अक्का रस्त्यात भेटतील म्हणून फिरायला जायचे थांबले.

पुढच्या पुस्तकात साहेब हजर झाले तेव्हा अक्का आनंदाच्या आधी रागावल्या. “जिवंत होता तर घरी कळवायचं न्हाई का? निदान त्या डॉक्टरला तरी?”

मामा खुर्चीत सरसावून बसले. “आता पटलं का? साहेबाचा सुद्धा त्याच्यावर भरोसा न्हाई.”

*

त्याच सुमारास चाचांनी विचारलं की हे सगळं लिहिलं कुणी. सर म्हणाले, गोष्टीत लिहिणारा डॉक्टरच असतो. साहेब शोध लावतात, डॉक्टर घरी येऊन लिहून काढतो, तेव्हा आपल्याला कळतं. तो नसता तर एकही गोष्ट आपल्यापर्यंत आली नसती.

मामांनी हे दोनदा समजावून घेतलं. बराच वेळ मान हलवत होते. आम्हाला वाटलं, आता तरी डॉक्टरचा पिच्छा सोडतील. त्या दिवशीचा अंदाज सांगायची वेळ आली, तेव्हा म्हणाले, “लिवा. डॉक्टर.”

*

विनोद दर फोनला म्हणायचा, “अण्णा, आता पुण्याला या.” पोरगा गुणी, सूनही चांगली, घरात वडिलांसाठी वेगळी खोली केलेली. मामांचं उत्तर ठरलेलं. “एकदा पिन मिळू दे, त्या दिवशी बॅग भरतो. पिन घेतल्याबिगर उदगीर सोडायचं न्हाई.”

हे सगळ्यांना गमतीचं वाटायचं. पण पावसाळ्यानंतर मामा घराच्या पायरीवरून पडले. हाड मोडलं नाही, मुका मार बसला. विनोदने मला फोन केला. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, “मॅडम, त्यांनी शब्द दिलाय, ते शब्द मोडत नाहीत. तुम्हीच काहीतरी करा. एकदा त्यांना जिंकू द्या.”

मामा जावेत असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. अक्का त्यांना दोन वेळचा डबा देत होत्या, चाचा हात धरून आणत-नेत होते. पण पडले तेव्हा जवळ कुणीच नव्हतं, आणि मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी तोडगा काढला तो पाटील सरांनी. ज्या माणसाने मला कधी एक ओळ गाळू दिली नाही, तो खाली मान घालून म्हणाला, “बाई, या वेळी शेवट बदलून वाचा.”

*

तो गुरुवार आला. विनोद गाडी घेऊन आला होता, दारापाशी स्टुलावर बसला. मी गोष्ट पिनेपर्यंत वाचली. अक्कांनी माळ्याचं नाव घेतलं, चाचांनी पुतण्याचं, सरांनी वकिलाचं. मामा म्हणाले, “डॉक्टर.”

मी पिन काढली. समोर छापलेलं एक, आणि मी वाचत होते भलतंच. साहेब वळतात, मित्राच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात की इतकी वर्षं मी सगळीकडे शोधलं, पण शेजारी बघायचं राहिलं. डॉक्टर गुन्हा कबूल करतो. पोलीस त्याला घेऊन जातात. माझा आवाज कापत होता, पण तो प्रसंगाला शोभून गेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी पुढे होऊन पिन मामांच्या खिशावर लावली. अक्का हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. विनोद उभा राहिला.

मामा पिनेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “सर, साहेबांच्या गोष्टी लिवतो कोण?”

सर चाचरले. “डॉक्टर.”

“आन डॉक्टर आता जेलात गेला.”

“हो.”

“मग पुढच्या गुरुवारची गोष्ट सांगणार कोण?”

मामांनी खिशावरची पिन काढली. माझ्याकडे हात पुढे केला, मी पुस्तक दिलं. चाचपून शेवटची पानं एकत्र केली आणि पिन सावकाश परत लावली. आम्ही चौघं चौकशीला बोलावल्यासारखे उभे.

“अण्णा,” विनोद दारातून म्हणाला, “निघायचं ना?”

मामांनी खाकी टोपी डोक्यावर चढवली, पुढचा-मागचा छज्जा सारखा केला, आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

“तू हो पुढं, बाळा. केस अजून मिटली न्हाई.”