शेजारच्या पट्टीचा नंबर

माझ्या मामाला सगळे घुबड म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो. लहान विमानं उडवायला शिकवणं हा त्याचा धंदा. एकतीस वर्षांत मान सतत फिरवत राहायची खोड अशी जडली की रस्ता ओलांडताना तो डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो आणि वरही बघतो. आई म्हणते, "ह्याच्याशी बोलायचं तर ह्याच्याभोवती फेऱ्या घालत बोलावं लागतं."

त्याच्या धावपट्टीवर मनोरा नाही. तू थांब, तू उतर, असं सांगणारं कुणी नाही. रविवारी सात-आठ विमानं त्या एवढ्याशा आभाळात दाटीवाटीने फिरतात. रीत साधी आहे: पट्टीभोवती सगळ्यांनी एकाच बाजूने चौकोनात फिरायचं, प्रत्येक कोपऱ्यावर आपण कुठे आहोत ते रेडिओवर सांगायचं आणि वळायच्या आधी पंख जरासा उचलून त्या बाजूला बघायचं. मामाचा सगळा जोर बघण्यावर. "रेडिओ म्हणजे कुणाचा तरी शब्द. नुसत्या शब्दावर लग्न करा हवं तर, वळू नका." मामाने लग्न केलेलं नाही, त्यामुळे सल्ल्याचा पहिला भाग तपासलेला नाही.

त्या रविवारी तो शेजारच्या पट्टीवरून दुरुस्त झालेलं विमान एकटाच आणत होता. इकडे त्याची विद्यार्थिनी, दाताची डॉक्टर, एकटीने चौकोनात फेऱ्या मारत होती. तिचं वय अठ्ठेचाळीस. मामा तिला म्हणायचा, "बाई, दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय तुम्हाला. आता जरा खिडकीबाहेर बघा."

मी मॅनेजरच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टर उतरायला वळली आणि तिच्या बरोबर वर, त्याच रेषेत, मामाचं विमान आलं. तिच्या विमानाचे पंख छतावर, मामाच्या विमानाचे पोटाखाली. म्हणजे तिला वरचं दिसेना, त्याला खालचं दिसेना. दोघं आपापल्या पंखांआड हळूहळू जवळ येत होती. मी ओरडलो. मॅनेजर कानाचा फोन टाकून रेडिओवर किंचाळला, "डॉक्टर, उजवीकडे! आत्ता!" ती वळली. मामाच्या पंखाखालून एकाएकी विमान बाहेर पडलं. त्याने आपलं वर खेचलं.

दोघं सुखरूप उतरली. मॅनेजरने दोघांना ऑफिसात बोलावलं.

"घुबडाने सांगितलं असणार ना कोपऱ्यावर? ऐकलं नाहीत?" मॅनेजर म्हणाला. तो स्वतः फोनवर होता, त्यानेही ऐकलं नव्हतं. पण मामाने सांगितलं नसेल ही शंकाच कुणाला येईना.

"नाही आलं ऐकू. माझंच लक्ष नसेल." तिने विमानाची किल्ली टेबलावर ठेवली. "बास झालं. माझ्याने कुणाचा तरी जीव जायचा."

मॅनेजरने टळलेल्या अपघाताच्या नोंदीचा फॉर्म काढला आणि चूक कुणाची, तिथे तिचं नाव लिहायला घेतलं.

मामा बाहेर पडला. टोपी विमानात राहिली म्हणाला. मी मागोमाग गेलो. तो आत वाकला आणि तसाच राहिला. मी डोकावलो. प्रत्येक पट्टीचा रेडिओचा नंबर वेगळा, आणि ह्या रेडिओवर शेजारच्या पट्टीचा होता. निघताना बदलायचा राहिला होता. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर मामाने सगळं नीट सांगितलं होतं, शेजारच्या गावाला.

त्याचं बोट बटणावर होतं. दोन टिचक्या मारल्या की नंबर जागेवर येणार. बघणारा मी एकटा, आणि मी भाचा.

"मामा," मी म्हणालो, "बाई सोडतेय उडणं."

"ऐकलंय मी. बहिरा नाही झालो अजून." मग तो म्हणाला, "रेडिओ गप्प होता ना, तर मला वाटलं आभाळ रिकामं आहे. पंखसुद्धा उचलला नाही रे. मी. पंख उचलला असता तर दिसली असती ती." त्याने बोट काढून घेतलं. "जा, दोघांना बोलाव. आणि कुणाला हात लावू देऊ नकोस ह्याला."

मॅनेजरने नंबर वाचला, पुन्हा वाचला. "घुबडा, हे लिहिलं तर तुझं शिकवणं बंद होईल. परत परीक्षा. ह्या वयात डॉक्टरी तपासणी. वरचे लोक पास करतील का तुला?"

"नाही करणार बहुतेक. आण तो फॉर्म."

विमानाच्या पंखावर टेकून मामाने स्वतः लिहिलं. कारणाच्या रकान्याशी आल्यावर मॅनेजर म्हणाला, "रेडिओचा नंबर चुकला, एवढं लिही की. पुरे आहे."

"ते दुसरं कारण. पहिलं, वळण्याआधी बघितलं नाही."

डॉक्टर आता भडकली. "दोन तास मी स्वतःला शिव्या घालतेय!"

"अर्धाच तास झालाय, बाई. घड्याळाकडेही बघत नाही तुम्ही."

ती हसली नाही. कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला. "काय लिहिलंय हे? वाचता येत नाही."

"तुम्ही डॉक्टर, आणि माझ्या अक्षराला नावं ठेवता?"

तेव्हा मात्र तिला हसू आलं, आणि लगेच रडूही. मामाने तिच्यासमोर ते पहिलं कारण पुन्हा लिहिलं, शाळेतल्यासारखं सुटं सुटं, आणि खाली सही केली.