आमच्या बैठकीतले बोंबील

आमच्या घरापासून समुद्र इतका जवळ आहे की भरतीच्या वेळी मी खिडकीतून पाय बाहेर काढून धुतो. निदान वर्ध्याकडे सासरवाडीला मी असंच सांगितलेलं आहे. खरं म्हणजे मधे एक रस्ता आहे, सुरूची चार झाडं आहेत आणि शेजारणीचं बोंबील वाळवायचं आवार आहे. पण फोनवर एवढं सगळं सांगत बसलं की समुद्र लांब जातो.

नवरा-बायको आम्ही दोघंच. मी तारापूरच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी करतो. घिवलीत भाड्याने घर घेतलं तेव्हा वाटलं होतं, लोक पैसे भरून समुद्राकाठी जातात, आपण तर तिथेच राहणार. इथली खारी हवा मात्र कुणी सांगितली नव्हती. सायकल भिंतीला टेकवून चहा प्यायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर नुसती घंटी शिल्लक! बाकीची सायकल गंज होऊन वाऱ्याबरोबर मनोरच्या दिशेने गेलेली. आमच्याकडे भाजीत मीठ घालत नाहीत. पातेलं दोन मिनिटं खिडकीत धरायचं.

दर रविवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन यायचा आणि मला जोर चढायचा. "गावातल्या बाया हिला सोडतच नाहीत," मी सांगायचो. "सकाळपासून दारात रांग. एक उठली की दुसरी बसते. काल तर हिला स्वतःच्या घरात बसायला जागा नव्हती, ओट्यापाशी उभ्याने जेवली बिचारी." तिकडे सासूबाई खूश. इकडे बायको पलंगाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत असायची. हसायची नाही, रागवायचीही नाही. दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तशी ऐकायची.

दोन वर्षांत आमच्या उंबऱ्याच्या आत एकच माणूस आला होता, वीजमीटर बघणारा. तोही पाणी प्यायला.

चूक पहिल्याच दिवशी झाली होती. शेजारीण, पन्नाशीची, आवाज असा की होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारावी, ताटलीत ताजे मासे घेऊन आली होती. नवीन माणसाला द्यायचे असतात म्हणून. बायकोच्या माहेरी मासा म्हणजे पुस्तकातलं चित्र. वास आला, हिने पटकन नाकाला पदर लावला. शेजारीण तशीच वळली. ताटली घेऊन परत गेली. तेव्हापासून रस्त्यात भेटली तर मान हलवायची, पण पायरी चढली नाही. ती नाही म्हणून मग दुसऱ्या कुणीही नाही.

मी पाळीला गेलो की ही खिडकीत बसायची. संध्याकाळी मी विचारायचो, "आज कुणाशी बोललीस?"

"कुकराशी बोलली. तीन शिट्ट्या देल्या त्यानं."

गेल्या दिवाळीआधी तिने बॅग भरली. मी विचारलं, "माहेरी आठ दिवसांसाठी इतके कपडे?"

"आठ दिवसांसाठी नाही," ती म्हणाली. "तुम्ही राहा आपल्या समुद्रापाशी. मले होऊन नाही राहिलं आता."

यावर माझ्याकडे काहीच नव्हतं. माझ्याकडे! ज्याने कोलंबी एवढी मोठी सांगितली होती की तिला दोरी बांधून फिरायला न्यावं लागतं.

निघायला दोन दिवस होते. पहिली पाळी करून मी दुपारी घरी आलो. गाव रिकामं होतं. एडवणला कुणाचा तरी साखरपुडा, दोन टेम्पो भरून बाया-पोरं गेलेली, पुरुष होड्यांवर. शेजारणीच्या आवारात वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून त्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर, बोंबील लटकत होते. अर्धवट वाळलेले. तेवढ्यात नको तेव्हा येणारा पाऊस खाडीकडून काळा होऊन आला.

"अहो, भिजन ना ते सगळं!" बायको खिडकीतून ओरडली आणि चप्पल न घालताच पळाली.

मी मागोमाग टोपली घेऊन. बोंबील वलांडीवर जोडीजोडीने घालतात. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. हिने काय करावं? एकेक जोडी सोडवली. एकेक बोंबील वेगळा केला. बारीक दातांनी बोटं रक्ताळली तरी सोडवतच राहिली. किती होते म्हणाल, तर माझ्या हिशेबाने लाखभर. ती म्हणते, उगाच काहीही सांगू नका. भरलेली टोपली आत न्यायची, माहेरी कुरडया घालतात तशी बैठकीत लग्नातली साडी अंथरून त्यावर ओळीने मांडायची, की पुन्हा बाहेर. साडी संपली, मग चादर, मग माझं धोतर. शेवटची टोपली तर पदराखाली धरून छातीशी घेऊन आली. नाकाला लावायला पदर उरलाच नव्हता.

संध्याकाळी टेम्पो आले. शेजारीण आवारात गेली, आणि तिथून जी आरोळी आली ती थेट पालघरच्या स्टेशनात ऐकू गेली असणार. मग आमच्या दारात. मागे सात-आठ बाया, नव्या लुगड्यांत, केसांत गजरे.

"अगो बाय! जोड्या कुनी सोडल्या?"

"मी," बायको म्हणाली. "पाऊस आला न."

"पाऊस आला तं ताडपत्री वडायची! तितंच वलांडीखाली गुंडालून ठेवली हाय! नुसती वडायची नि दगड ठेवायचा!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी साडीकडे पाहिलं. बाहेर पाऊस चालूच होता.

शेजारणीने वाकून कुरडयांसारखी मांडलेली ओळ बघितली, मग हिची बोटं बघितली. "दोन वर्सं झाली," ती मागच्या बायांना म्हणाली, "नाकाला पदर लावतं म्हनून आमी हिच्या घरात पाय नाय ठेवला. नि हिनं मासली शालूवर निजवलीय!"

एक बाई खुदकन हसली. मग सगळ्याच.

"आता बसा," शेजारीण म्हणाली. "अशे आडवे ठेवले तं सकालपातूर नासतील."

आणि त्या बसल्या. आमच्या बैठकीत! खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोऱ्या ताणल्या, पंखा पाचवर केला आणि तोंडात तोंड अडकवायला लागल्या. बायकोला मधे बसवलं. "असा नाय गो, जबडा उघड त्याचा. तुज्या नवऱ्याचा उघडतो तसा." मी गुपचूप चहा टाकायला गेलो. लग्नातला बारा कपांचा संच. दोन वर्षं दोनच कप वापरात, बाकीच्यांवर धूळ. त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळे धुतले.

सकाळी ऊन पडलं. बाया आल्या, दोऱ्यांसकट बोंबील उचलून वलांडीवर नेले आणि आपापल्या कामाला लागल्या. मग कुणी आलं नाही. बैठक रिकामी, कप उपडे, आणि वास असा की पाल भिंत सोडून गेली.

तो रविवार होता. संध्याकाळी फोन वाजला. मी हात पुढे केला, त्याआधीच बायकोने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, काल का झालं माहीत हाय? गावातल्या बाया आपल्या घरी आल्या. सात-आठ जणी! बसायला जागा नव्हती. चहा घेतला, हसल्या, मले शिकवलं..."

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "त्या तं रोजच येतेत ना व? जावई सांगतेतच. तू उद्या कोन्त्या गाडीनं निघून राहिली ते सांग."

बायकोने फोनकडे पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मीही मिटलेलंच ठेवलं. काय सांगणार होतो? जन्मात एकदा खरं घडलं आणि ते मी आधीच शंभर वेळा सांगून झिजवून ठेवलेलं.

"बोंबील वाळायचे हायेत," ती शेवटी म्हणाली. "ते वाळले की कळवते."

"काय वाळायचे?"

तिने फोन ठेवला. आम्ही खिडकीत जाऊन उभे राहिलो. बाहेर वलांडीवर कुणी नव्हतं.

"खरंच आल्या होत्या न?" तिने विचारलं.

"आल्या होत्या," मी म्हणालो. "आठ जणी."

"सात," ती म्हणाली.

बॅग अजून पलंगाखाली आहे, भरलेली.