शनीचं कडं आणि जनार्दनरावांची नजर

लहरीपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या पडद्याआड, जनार्दनराव तीस वर्षं काचा घासत होते. गल्ल्यावर शेठ बसायचे, पण गिऱ्हाईक निघताना पडद्याकडे बघून गुजरातीत विचारायचं, "काका, बराबर छे ने?" काका आतूनच "हा" म्हणायचे आणि त्या एका शब्दावर लोक बिनघोर रस्ता ओलांडायचे. स्वतःच्या नजरेवर या माणसाचा एवढा भरवसा, की बायकोने आमटी खारट झाली म्हटलं तरी तो आधी आमटीकडे नीट बघून घ्यायचा.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर मराठी शाळेत दुर्बीण घ्यायचं ठरलं, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या निरुपमाताई थेट पडद्याआड आल्या. "आमच्यापैकी कुणाला काचेतलं काही कळत नाही. तुम्हीच निवडा." ही शाळा जनार्दनरावांनी सातवीतून सोडली होती. त्या शाळेने आज आपलं मत विचारावं, याचा त्यांना भलता आनंद झाला आणि तो त्यांनी मुळीच लपवला नाही. शेठला तर त्यांनी तीनदा सांगितलं.

अलकापुरीतल्या दुकानात शाळेला परवडतील अशा दोनच दुर्बिणी होत्या. एक जाडजूड, चंदेरी, खोक्यावर 'सहाशे पंच्याहत्तर पट मोठे' असं ठसठशीत छापलेलं. दुसरी पांढरी, लांब आणि किडकिडीत. शाळेच्या कमिटीतले पिलाजीराव चंदेरीवर लगेच भाळले. जनार्दनरावांनी मात्र दोन्हींची टोपणं काढून भिंगांत ट्यूबलाइटची प्रतिबिंबं मोजली, मग दारात उभं राहून दोन्हींतून समोरच्या गच्चीवरचा अँटेना पाहिला. चंदेरीत त्याच्या प्रत्येक दांडीला निळी-तांबडी किनार होती. किडकिडीत नळीत दांडी म्हणजे नुसती दांडी.

"हिच्यात प्रतिबिंबं जास्त, म्हणजे पुढे दोन भिंगं जोडलीयेत. एकाने पसरलेले रंग दुसरं आवरतं," ते म्हणाले. "त्या चंदेरीत एकटंच भिंग आहे. पसरलेलं चित्र कितीही पट मोठं करा, जास्तच पसरेल."

"मुलांना आकाशात अँटेना बघायचाय का?" पिलाजीराव म्हणाले.

दुकानदार शहाणा. त्याने दोन्ही दुर्बिणी उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, वापरून बघायला दिल्या. जी शनीचं कडं दाखवेल ती शाळेने ठेवायची, अशी अट पडली. अट जनार्दनरावांनीच घातली होती, तीही छाती पुढे काढून.

उत्तरायणाच्या संध्याकाळी पतंग उतरून दोरीला बांधलेले कागदी कंदील, टुक्कल, चढू लागले, तोवर शाळेच्या गच्चीवर मुलं, त्यांचे आईबाप आणि शेजारपाजार रांगेत उभे होते. जनार्दनरावांनी आपली नळी पश्चिमेकडच्या शनीवर लावली आणि डोळा टेकवला. पिवळसर, रेखीव काठाची एक लहानशी टिकली दिसली. कडं नव्हतं. त्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं, तरी नव्हतं.

तेवढ्यात चंदेरीपाशी गलका झाला. शेजारचे एक गृहस्थ ओरडले, "अरे, रिंग देखाय छे!" पिलाजीराव मिशीत हसले. "या जनार्दनराव, तुम्हीही बघून घ्या."

त्यांनी पाहिलं. शनीभोवती खरोखरच कडं होतं. तीस वर्षांत चुकलो नाही आणि चुकायचं ते नेमकं या शाळेच्या गच्चीवर? पण डोळा त्यांनी काढला नाही. कडं निळसर-तांबडं होतं, आणि ही किनार त्यांच्या चांगली ओळखीची होती.

त्यांनी चंदेरी दुर्बीण फिरवून पलीकडच्या गच्चीवर टांगलेल्या बल्बवर रोखली. "आता बघा, पिलाजीराव."

पिलाजीरावांनी वाकून डोळा टेकवला. बल्बलाही कडं होतं.

"मग शनीचं खरं कडं गेलं कुठे?" निरुपमाताईंनी विचारलं.

"आहे तिथेच असणार. या नळीत दिसत नाही म्हणजे आज ते दिसण्याजोगं नाही." जनार्दनरावांनी खिशातून कागदात गुंडाळलेली चष्म्याची काच काढून समोर धरली. "ही गोल दिसते ना? आता आडवी करतो. काय उरलं?" नुसती रेघ उरली होती, आणि दोन पावलं मागे उभ्या मुलांना तीही दिसेना. "मला वाटतं, कडं सध्या आपल्याकडे असं धार करून आहे. पुस्तकातलं मला ठाऊक नाही. काचेचं सांगतो."

पिलाजीरावांनी अटीची आठवण करून दिली. अटीप्रमाणे दोन्ही नापास होत्या. निरुपमाताईंनी पुन्हा एकदा किडकिडीत नळीतून पाहिलं. "जी नसलेलं दाखवत नाही, तीच ठेवू," त्या म्हणाल्या. चंदेरी दुसऱ्या दिवशी खोक्यासकट परत गेली. आठवड्याभराने एका विज्ञानाच्या मासिकात ताईंना सापडलंही, की यंदा शनीचं कडं पृथ्वीकडे धार करून आहे. ते पान त्यांनी पडद्याआड नेऊन दिलं आणि जनार्दनरावांनी शेठला तीनदा वाचून दाखवलं.

पुढच्या दिवाळीत त्याच गच्चीवर पुन्हा रांग लागली. आता शनीच्या टिकलीच्या दोन्ही बाजूंना एक बारीक, लख्ख रेघ निघाली होती. पिलाजीरावांनी पाहिलं, डोळे चोळले, परत पाहिलं. गेल्या उत्तरायणाला पोळलेला माणूस, त्याला स्वतःच्या डोळ्यांची खात्री वाटेना.

"जनार्दनराव," त्यांनी हळूच विचारलं, "हे बराबर आहे ना?"

जनार्दनराव पलीकडे मुलांना फराळ वाटत होते. त्यांनी तिथूनच "हा" म्हटलं, आणि पिलाजीराव पुढच्या मुलीला म्हणाले, "बघ बाळ, खरं आहे."