घाटातली पंगत

कोंडाजीचा आवाज कोंडाजीच्या आधी जन्माला आला, असं त्याची आई सांगायची. सुईण म्हणे दचकून भिंतीला टेकली होती. चांदवड तालुक्यातल्या त्यांच्या गावात बाजरीवरची पाखरं हाकायला बाकीच्या घरची पोरं गोफण घेऊन माळ्यावर चढायची. कोंडाजी रिकाम्या हातानं जायचा आणि एकदाच 'हाऽऽय' करायचा. पाखरं तर उडायचीच, पण शेजारच्या शिवारातली माणसंही खुरपी टाकून धावत यायची, की बाबा, कोण मेलं?

अशा माणसाच्या हातात एका जत्रेत कुणीतरी माईक दिला. गरज नव्हती, पण दिला. तेव्हापासून लग्न असो, कुस्त्या असोत, हरवलेलं पोर असो की बैलगाड्यांची शर्यत, पंचक्रोशीत कोंडाजीशिवाय पान हलेना. पंगतीवर तर त्याची हुकमत अशी की जेवणाऱ्यानं घास कधी गिळायचा तेही तो ठरवायचा. पाटाच्या शिवारातल्या एका लग्नात वैशाखाच्या वावटळीनं अख्खा मांडव पंगतीवर कोसळला. वऱ्हाड किंचाळलं. कोंडाजी बाहेरून शांतपणे म्हणाला, "होऊ द्याऽऽ सावकाश!" आणि कापडाखालून आवाज आला, "इकडं मठ्ठा नाय आला अजून!" पंगत उठवल्याशिवाय एक माणूस उठला नाही. कापडाचे उंचवटे नुसते हलत होते, जेवत होते.

एक खोड मात्र होती. शर्यतीत गाडा उलटला, गाडीवान फेकला गेला, की कोंडाजीच्या तोंडून आपोआप निघायचं, "धावा रे धावा!" आणि माईक टाकून सगळ्यांच्या पुढं तोच धावायचा. त्याच्यामागं सगळं मैदान. कुणी धोतर सावरत, कुणी भेळेचा कागद धरून. पडलेल्याला इतके हात लागायचे की जिथं पडला तिथून दहा हात लांब तो उभा राहायचा. यात गैर ते काय? माणूस पडला तर उचलायला जायचं, एवढं तर कोंबडीलाही कळतं.

मधली काही वर्षं बैलांच्या शर्यती बंद होत्या. आवाज घरात मावेना. बयाबाई, त्याची बायको, म्हणायची, "अवो, जरा बाहेर जाऊन बोलत जा. भिताडाचे पोपडे निघाले." तेव्हा नाशकातल्या एका भंगारवाल्यानं त्याचा आवाज टेप करून नेला. आणि 'जुना पत्रा, मोडकी सायकल, नादुरुस्त फ्रिज, नवरा सोडून काय बी आणाऽऽ' अशी ललकारी रोज सकाळी इंदिरानगरच्या गल्ल्यागल्ल्यांतून फिरू लागली. बायका हसत हसत बाहेर यायच्या आणि हसता हसता चांगल्या कढयाही देऊन बसायच्या.

त्यातल्याच एका गल्लीत तेजस्विनी राहायची. स्वतः मोटारसायकलच्या शर्यती पळालेली. एका शर्यतीत पडली आणि पायात सळई बसली, तेव्हापासून पळणं सोडून शर्यती भरवायला लागली. चालताना तिचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित उशिरा यायचा, बाकी सगळं लवकर. भंगारवाल्याला पकडून ती थेट कोंडाजीच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

"बाबा, त्या गाडीवर तुमचाच आवाज ना?"

"भंगार नाय घेत मी, ताई. नुसतं वरडतो."

"मला वरडणाराच पाहिजे."

"घिऊन जा माय," आतून बयाबाई म्हणाली. "परत नाय आणला तरी चालंल."

तेजस्विनीचं दुखणं असं होतं. नवा हायवे झाल्यापासून ओस पडलेल्या जुन्या घाटात ती दरवर्षी शर्यत भरवायची. कोल्हापूरचे, पुण्याचे, कोइमतूरचे, पोटापाण्यासाठी पळणारे पक्के गडी यायचे. एकेक जण पायथ्याहून सुटायचा, थोड्या अंतरानं मागचा सुटायचा, आणि ज्याचा वेळ सगळ्यात कमी तो जिंकला. मागच्या वर्षी वरच्या वळणावर एक जण पडला आणि डोंगरावर बसलेली माणसं, आपलीच भली माणसं, त्याला उचलायला रस्त्यावर उतरली. मागून दुसरा सुटलेलाच होता. वळण घेऊन तो आला तर समोर बाजार भरलेला. माणसं वाचवायला त्यानं गाडी दगडी कठड्यात घातली. त्याच्या मांडीचे तुकडे झाले, आणि उचलायला सगळ्यांत पुढं धावलेला गावचा समाधान गुडघ्यातून मोडला.

"उचलायला आमचे मार्शल असतात, बाबा. केशरी जाकिटवाले. लोकांनी फक्त बसून राहायचं. पण ऐकतात कुठं! मागचा निवेदक हिंदी-इंग्लिशमध्ये 'प्लीज प्लीज' करत राहिला. यंदा पोलिसांनी परवानगीतच घातलंय, एक माणूस जरी रस्त्यावर आला तर शर्यत कायमची बंद. आणि बंद झाली तर झाली हो, पण कुणी मेलं तर?"

"एवढंच ना?" कोंडाजी म्हणाला. "माझ्या शब्दाबाहेर मुंगी नाय जायची."

शनिवारी सराव होता. वळणासमोरच्या चढावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून कोंडाजीला वर बसवलं होतं. आधी त्याला त्या गाड्या पसंत पडेनात. शिंगं नाहीत, शेपटी नाही, वर माणूस पालथा निजलेला. पण पहिली गाडी वळणात आडवी झाली आणि त्याचे डोळे चमकले. "आलं! आलं! गुडघा भुईला लावून वळतंय, जशी सूनबाई अंगण सारवती! उचल की टाऽऽक!" पोरं शिट्ट्या मारायला लागली. तेजस्विनी खूश झाली.

तेवढ्यात पुण्याचा एक गडी वळणात घसरला, नुसता घसरला, आणि कोंडाजी ओरडला, "धावा रे धावा!"

आणि ट्रॉलीवरून उडी मारून, माईकची वायर ओढत, सगळ्यांच्या पुढं तोच.

नशीब, मागचा अजून सुटला नव्हता. पुण्याचा गडी उठून उभा होता, त्याला पुन्हा आडवं करून चौघांनी उचललं. "सोडा यार, मी ठीक आहे," असं तो हेल्मेटातून ओरडत होता, पण त्याच्याकडं कोण लक्ष देतो?

तेजस्विनीनं रस्त्यावरचा माईक उचलून ट्रॉलीवर ठेवला. म्हणाली, "बाबा, उद्या मागचा सुटलेला असणार."

कोंडाजीचं तोंड एवढंसं झालं. "जीभ बांधून घालतो, ताई. एक डाव द्या." दुसरा माणूस कुठं होता? तिनं दिला.

संध्याकाळी ओट्यावर तो स्वतःशीच म्हणत बसला, धावू नका, धावू नका. पण 'धावू' म्हटलं की त्याचेच पाय उठायचे. बयाबाईनं सकाळी अख्खी सुपारी त्याच्या हातावर ठेवली. "गालात धरा. वरडावंसं वाटलं की चावा. दात पडले तर पडले. आन मी बी येते. तुम्हाला धरायला कोणतरी पाहिजे."

रविवारी माणूस लोटला. घोटीहून आणलेला भाताचा पेंढा गोण्यांत ठासून वळणावर रचला होता, त्या गोण्यांवरही लोक बसायला निघाले. कठड्यावर पोरं, झाडावर पोरं. कोंडाजीनं एक नजर फिरवली आणि त्याला राहवेना. इतकी माणसं अशी अस्ताव्यस्त! माईक हातात घेतला. "ओ मंडळी! पंगत धरा! मांडी घाला, गुडघ्याला गुडघा! ओ लाल टोपी, मधी जागा सोडू नका! झाडावरचे, तुमचं ताट काय फांदीवर मांडू?"

"वाढणार काय, बाबा?" कुणीतरी ओरडलं.

"धूर वाढतो! बस खाली!"

हसत हसत सगळा डोंगर ओळीनं मांडी घालून बसला. समाधान कुबडी आडवी ठेवून पहिल्याच ओळीत. आपले पाय आपल्याला दगा देतील या भीतीनं कोंडाजीही ट्रॉलीवर मांडी घालून बसला. खाली बयाबाईच्या शेजारी नाशिकरोडच्या भिमाबाई होत्या, शाळेत शिपाई म्हणून राबून पोराला वाढवलेल्या. त्यांचा सनी यंदा पहिल्यांदा पक्क्या गड्यांत उतरला होता.

"जय भीम, भाऊ," त्या कोंडाजीला म्हणाल्या. "माझ्या सन्याचं नाव जरा जोरात घ्या."

"जोरात?" बयाबाई म्हणाली. "कानात बोळे घाला, भिमाबाय."

आणि काय ती शर्यत! कोल्हापूरचा आला तो जणू सासुरवाडीहून निघाला होता. कोइमतूरच्या मुरुगनला कोंडाजीनं जावई करून टाकलं. "जावयबापू आले! मान देऊ नका, वाट द्या!" सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात, आवाज एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर. पहिल्या फेरीचे वेळ फळ्यावर लागले आणि सनी मुरुगनच्या केसभर मागं निघाला. भिमाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं.

दुसरी फेरी. पायथ्याहून सनी सुटला. त्याच्यामागं मुरुगन.

"आला! आपला नाशिकचा आला! काय वाकलाय, काय वाकलाय, भुईच्या कानात काय सांगतोय रे..."

मागचं चाक सटकलं. सनी गाडीवरून उडाला, एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला, घासत गेला आणि वळणाच्या बरोबर पलीकडं, रस्त्याच्या मधोमध पडला. गाडी ठिणग्या उडवत गोण्यांत घुसली, पेंढा आभाळात गेला. धोक्याचा पिवळा झेंडा हलायला लागला. खालून मुरुगनच्या गाडीचा आवाज वर चढत येत होता.

सगळा डोंगर गुडघ्यावर उठला. हात जमिनीला टेकले, टाचा वर झाल्या. एक शब्द पडायचा अवकाश.

"धा..." कोंडाजीच्या तोंडून निघालं. त्यानं कडकन सुपारी चावली. दाढ हलली. डोळ्यांत पाणी आलं. माईक उघडा, तोंड उघडं, आणि सगळे त्याच्याकडं बघतायत. धावू नका म्हणावं तर जिभेवर धावाच येणार. आणि मग कुठूनशी, सगळ्या जन्मात खाल्लेल्या आणि खाऊ घातलेल्या पंगतींच्या तळातून, ती ओळ वर आली. सावकाश. तुपासारखी.

"होऊ द्याऽऽऽ सावकाश!"

टेकलेले हात थबकले.

"पंगत उठली नाय अजून! कुणी ताटावरून उठायचं नाय! वाढप्यांना वाट द्या!"

आणि माणसं बसली. विचार करून नाही. मांड्याच आपोआप घडी झाल्या. लाल टोपी बसली, झाडावरून उतरलेली पोरं होती तिथं बसली. समाधाननं दोन्ही हातांनी जमीन धरली.

एकट्या भिमाबाई उभ्या राहिल्या. "माझा सन्या..."

बयाबाईनं त्यांना कंबरेतून धरलं. "बस माय. बस. माझा माणूस जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलतोय, ऐक त्याचं." भिमाबाई बसल्या. बयाबाईचा हात त्यांनी असा आवळला की काचेच्या बांगड्या फुटून दोघींच्या तळव्यात रुतल्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मुरुगन वळला. झेंडा दिसला होता, गाडी सावरलेली होती, आणि उजवीकडं, जिथं मागच्या वर्षी बाजार भरला होता, तिथं मोकळा स्वच्छ रस्ता होता. तो सनीला हातभर सोडून निघून गेला. जाकिटवाले धावले. सनी काही वेळ हललाच नाही. मग एक हात वर झाला, अर्धाच, पण वर झाला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याच्याबरोबर भिमाबाई गेल्या.

त्या दिवशी आणखी दोघं पडले. कोल्हापूरच्याचं मनगट गेलं, दुसऱ्याला गोण्यांतून ओढून काढावं लागलं. पण कोंडाजीला काही म्हणावं लागलं नाही. कुणी पडलं रे पडलं की सगळा डोंगरच एका सुरात गर्जायचा, "होऊ द्याऽऽ सावकाश!" आणि दाबून बसायचा. शर्यत मुरुगननं जिंकली. त्यानं तेजस्विनीला विचारलं, हा कसला मंत्र? ती म्हणाली, "आमच्याकडं जेवताना म्हणतात." त्यानं मान डोलावली. काही समजलं नाही, पण डोलावली.

शेवटचा गडी गेला, शेवटचा झेंडा पडला, रस्ता मोकळा झाला. ऊन उतरलं. तरी डोंगर बसूनच. कोंडाजी माईक मांडीवर ठेवून वळणाकडं टक लावून बसलेला. दवाखान्यातून काही कळेना, तोवर त्याला काही सुचेना. बयाबाई ट्रॉलीपाशी आली. "अवो! पंगत उठवा की! लोकांच्या पायाला मुंग्या आल्या!"

तेवढ्यात तेजस्विनी फोन कानाला लावूनच आली. हसत होती आणि डोळे पुसत होती. "गळ्याखालचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. बाकी शाबूत आहे. म्हणतोय, रस्त्यावर पडलो होतो आणि कानावर 'होऊ द्या सावकाश' आलं. हसायला आलं, म्हणून बरगड्या जास्त दुखल्या. आणि बाबा, विचारतोय, पंगतीत गोड काय होतं?"

कोंडाजीनं माईक उचलला. आवाज फुटेना. त्याचा! शेवटी फुटला.

"मंडळी! सनी विचारतोय, गोड काय होतं!"

सगळा घाट खिदळला. खाली हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी काचा खाली केल्या असतील.

"झालं का समद्यांचं?"

"झालंऽऽ!"

"मग उठाऽऽ!"

शेकडो माणसं उठायला गेली आणि पाय बधिर होऊन पुन्हा खाली बसली. कोंडाजीही उठला, म्हणजे वरचा अर्धा उठला. खालचा अर्धा मांडीतच राहिला. तो ट्रॉलीवर एकदा डुलला, दोनदा डुलला, आणि पेंढ्याच्या उरलेल्या गोणीवर पालथा आला. माईक बयाबाईच्या हातात पडला.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मोकळ्या रस्त्याकडं पाहिलं. मग छातीत वारा भरला. त्या घरात आवाज काही एकट्याचा नव्हता.

"धावा रे धावा!"

आणि सगळा डोंगर लंगडत, खिदळत, एकमेकांच्या अंगावर पडत धावला.