ट्रॅक्टरच्या मागची जागा

शेत नसलेल्या घरात ट्रॅक्टर येणार हे कळल्यावर आईने आधी जिन्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "कुठं नांगरता, गच्चीवर? शेत न्हाई, शिवार न्हाई, आन् ट्रॅक्टर काहून पायजे?"

"नांगरायला न्हाई. ठेवायला," बाबा म्हणाले.

"शोकेसमधी?"

बाबा हसले. ते आयुष्यभर बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रिटायर झाल्यापासून हिंगोलीच्या घरात मिक्सर, पंखे, शेजाऱ्यांच्या मोटरसायकली असं काहीही उघडून बसायचे. पण हा ट्रॅक्टर वेळ घालवण्यासाठी नव्हता. हट्टा गावात माझे आजोबा ज्यांच्याकडे सालगडी होते, त्यांच्याकडे निजामाच्या काळात आलेला एक इटलीचा ट्रॅक्टर होता. त्याच्यात पाणी भरायचं काम आजोबांचं. बाबा लहानपणी त्यांची भाकरी घेऊन जायचे आणि लांब बांधावर बसून तो बघायचे. जवळ गेलेलं मालकाला चालत नसे. पुढे तो विकला गेला आणि वसमतच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे पट्टा लावून आरा फिरवायला लागला. मग तेही थांबलं. आता त्या व्यापाऱ्याच्या घरातले सगळ्यात थोरले, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते तो विकणार आहेत, अशी बातमी बाबांना लागली होती.

मला सोबत नेलं ते फोटो काढायला आणि नेटवर शोधायला. घरात इंग्रजी वाचायचं काम माझंच असतं. मी इंग्लिश मीडियमची. अनोळखी माणसांत मला बोलायला जमत नाही, मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. वर्गात हजेरी देतानासुद्धा सर दोनदा वर बघायचे.

चाचांच्या वखारीच्या टोकाला विटांची एक शेड होती. आत अंधार, भुशाचा वास आणि वर गांधीलमाश्यांचं पोळं. ट्रॅक्टरचं तोंड दाराकडे होतं. रंग कधीच उडालेला, सगळा पत्रा गंजून तपकिरी झालेला. पुढच्या बाजूला तांब्याएवढा लोखंडी गोळा बाहेर आला होता आणि बाजूला माझ्या छातीपर्यंत येईल एवढं जड चाक. मी दारातच थांबले. त्याच्याकडे बघताना मला झोपलेल्या जनावराजवळ उभं राहिल्यासारखं वाटत होतं, ज्याच्या झोपेबद्दल कुणी खात्री देत नाही.

"ये बेटा, खात न्हाई तो," चाचा म्हणाले.

बाबा कधीच त्याच्या अंगाखाली शिरले होते. मी फोटो काढत फिरले. जड चाकाच्या झाकणावर मळीचा थर होता. ओढणीच्या टोकाने पुसला तर खालून लोखंडात ओतलेला एक बाण निघाला, पुढच्या बाजूला वळलेला. मी त्याचा फोटो काढला. मग मागच्या बाजूला गेले. मागचं चाक आणि भिंत यांच्यात एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा होती. मला तिथं उभं राहवलं नाही. लगेच बाहेर आले.

चाचांच्या अटी दोन होत्या. त्याला रंग लावायचा नाही. आणि इथून ओढत न्यायचा नाही.

"आब्बांनी याला चालवत आणला. हा चालतच जाईल. ओढून मेलेलं जनावर नेतात, मिस्त्री."

"बराबर हाय," बाबा म्हणाले. त्यांनाही तेच हवं होतं. लहानपणी ऐकलेला तो आवाज त्यांना पुन्हा ऐकायचा होता.

त्यानंतर बाबा दर दोन-तीन दिवसांनी वसमतला जाऊन इंजिन मोकळं करत राहिले आणि मी व्हिडिओ बघत राहिले. या इंजिनाला सेल्फ नाही. तो लोखंडी गोळा ब्लोलॅम्पच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवायचा. स्टेअरिंग उपसून जड चाकात खोचायचं आणि त्याने चाक मागेपुढे झुलवत राहायचं, इंजिन धरेपर्यंत. एका व्हिडिओत इटलीतला एक टोपीवाला म्हातारा असाच ट्रॅक्टर चालू करतो. चालू झाल्यावर चाकाकडे बघतो, मान हलवतो आणि हवेत बोट गोल फिरवतो, उलट दिशेने. मग इंजिन मरायला आणतो आणि मरता मरता दुसऱ्या बाजूला फिरवून घेतो. त्याची भाषा मला कळली नाही. पण शोधल्यावर एक इंग्रजी लेख सापडला. हे इंजिन कुठल्याही बाजूने फिरू शकतं. उलटं फिरलं तर पुढचा गिअर टाकला तरी ट्रॅक्टर मागे जातो.

ते वाचल्यावर मला झाकणावरचा तो बाण आणि भिंतीजवळची ती जागा आठवली.

न्यायच्या दिवशी ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. स्टेअरिंगवर बाबांचे दोस्त, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे रिटायर बस ड्रायव्हर, ज्यांना मी काका म्हणते. औंढा मागे पडल्यावर मी कसंबसं म्हटलं, "बाबा, ते इंजिन उलटं पण चालू होतं म्हणे."

"उलटं?"

"म्हणजे चाक उलटं फिरतं. मग गाडी मागे जाते."

काका एवढे हसले की त्यांनी हॉर्नच वाजवला. "ऐक मिस्त्री! तुझी पोरगी काय म्हणून राहिली. इंजिन हाय का म्हैस, मागं सरायला?"

"डिझेल इंजिन उलटं न्हाई फिरत, माय," बाबा मायेने म्हणाले. "जन्म गेला माझा."

"अन् इंग्लिश मीडियमात ट्रॅक्टर शिकवतेत का आता?" काका म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघितलं. बाबांचं चुकत नव्हतं. त्यांनी हाताळलेलं एकही इंजिन उलटं फिरलेलं नव्हतं. कदाचित लेखच चुकीचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण वसमत येईपर्यंत तो लेख मी फोनवर तीनदा उघडून बघितला.

वखारीत लाकडं चढवायचा मातीचा ओटा होता. ट्रक त्याला मागून लावला. ट्रॅक्टर शेडमधून निघून ओट्यावर आणि ओट्यावरून ट्रकमध्ये चालत जाणार होता. ब्लोलॅम्प पेटला. गोळा काळ्याचा तांबडा होऊ लागला. वखारीतले हमाल कामं टाकून दारात जमले.

बाबांनी स्टेअरिंग चाकात खोचलं आणि झुलवायला सुरुवात केली. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. मग आतून एक ठोका आला. छपरावरून भुसा पडला. दुसरा ठोका. आणि मग ढब्ब, ढब्ब, ढब्ब, मध्ये एवढं अंतर सोडून की प्रत्येक वेळी वाटावं, आता थांबला. धुराची वर्तुळं वर गेली. चाचांनी डोळ्यांना रुमाल लावला. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बांधावर बसलेला मुलगा त्यात दिसत होता.

मी मात्र चाकाकडे बघत होते. चाकाची वरची कड मागच्या बाजूला जात होती.

बाण पुढे होता ना? एवढ्या लोकांत मला माझ्याच डोळ्यांची खात्री वाटेना. धुरात झाकणावरचा बाण दिसत नव्हता, म्हणून मी फोनमध्ये तो फोटो शोधला. दोन फोटो पुढे गेले, परत आणले. बाण पुढेच होता.

वर बघितलं तेव्हा काका सीटवर बसून स्टेअरिंग जागेवर बसवत होते. आणि बाबा दिसत नव्हते. ते मागे गेले होते, हातात बाभळीचा ओंडका घेऊन. ओट्यावर चढताना ट्रॅक्टर मागे घसरला तर चाकाला लावायला, म्हणून ते सुरुवातीपासूनच त्याच्या मागे राहणार होते. चाक आणि भिंत यांच्यात.

"बाबा," मी म्हटलं. तो आवाज मलाच ऐकू आला नाही. काकांच्या दिशेने मी बोट गोल फिरवलं. त्यांना वाटलं मी शाबासकी देते आहे. त्यांनी हात उंचावला आणि गिअर टाकला.

पुढचं मी ठरवून केलं नाही. मी बाजूच्या फटीतून आत पळाले, जिथे त्या पहिल्या दिवशी मला उभं राहवलं नव्हतं. बाबांचा शर्ट दंडाजवळ धरला आणि स्वतःकडे ओढला. ते जड आहेत. हलले नाहीत. "काय झालं?" असं त्यांच्या ओठांवर दिसलं. मी पुन्हा ओढलं, पूर्ण अंगाचा भार टाकून, आणि आम्ही दोघंही भिंतीला घासत भुशात पडलो. माझ्या पायाजवळून लोखंडी दात्यांचं ते मोठं चाक मागे गेलं. ओंडका भिंतीला टेकला, कडकड वाजला आणि उभा चिरला. चार विटा खाली आल्या.

काकांनी क्लच दाबला होता. इंजिन तसंच चालू होतं, ढब्ब, ढब्ब, काहीच न झाल्यासारखं. मग बाबांनी उठून ते बंद केलं.

गांधीलमाश्या पोळ्याभोवती फिरत होत्या. काका सीटवरून उतरले. ते चाकालाच धरून उभे राहिले. "म्या पुढचाच टाकला होता," ते म्हणाले. "मिस्त्री, आईच्यान सांगतो, पुढचाच."

"पुढचाच होता," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या केसांतला भुसा झटकला. त्यांचा हात थंड होता.

"चाक झाकणावरच्या बाणाच्या उलट फिरत होतं," मी म्हटलं.

"दाव मला तो बाण."

मी दाखवला. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ.

मला वाटलं आता हे सगळं संपलं. आता ट्रॅक्टर इथेच राहील आणि आम्ही रिकामा ट्रक घेऊन परत जाऊ. मला मनापासून तेच हवं होतं. चाचासुद्धा म्हणाले, "राहू द्या मिस्त्री. साखळी लावा, ओढा. माझी अट गेली खड्ड्यात."

बाबा माझ्याकडे बघत होते. "तू सांगशील तसं," ते म्हणाले. "ओढू म्हण, ओढतो. चालवू म्हण, चालवतो."

एवढ्या माणसांनी एकदम माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. हमाल, चाचा, काका. ओढा म्हणणं सोपं होतं. पण बाबांचा मघाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

"मागे कुणी उभं राहायचं नाही," मी म्हटलं. आवाज चिरका आला, पण आला. "कुणीच नाही. आणि मी बघितल्याशिवाय गिअर टाकायचा नाही."

"ऐकलं का रे," काका हमालांवर ओरडले, जणू तेच मागे उभे होते. "सरका पुढं!"

गोळा पुन्हा तापेपर्यंत मी बाबांना त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ दाखवला. या वेळी बाबा माझ्या शेजारी उभे राहिले. पहिल्यांदा इंजिन पुन्हा उलटं धरलं. मी मान हलवली. बाबांनी ते मरायला आणलं, अगदी शेवटच्या ठोक्याला डिझेल दिलं आणि चाक क्षणभर थबकून दुसऱ्या बाजूला वळलं. मी फोटोतला बाण बघितला, चाक बघितलं, पुन्हा बाण बघितला. माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं, धुराचं असेल. सगळे थांबले होते. मी चुकले तर?

मी हात वर केला. ट्रॅक्टर पुढे निघाला, उन्हात आला, ओटा चढला. चाचा त्याच्या बाजूने ट्रकपर्यंत चालत गेले.

आता तो आमच्या घरामागे पत्र्याखाली उभा असतो, होता तसाच गंजलेला. एखाद्या रविवारी बाबा तो चालू करतात. आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते. काका गोरेगावहून मुद्दाम येतात आणि मला "इन्स्पेक्टर बाई" म्हणतात. इंजिन धरलं की दोघंही चाकाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. त्यांचा माझ्यावर जेवढा विश्वास बसला आहे, तेवढी माझी भीती वाढली आहे.

हात वर करायच्या आधी मी ट्रॅक्टरला पूर्ण फेरी मारते. आई घरात असते आणि बाबा, काका दोघंही मला समोर दिसत असतात. तरी मी मागे जाऊन बघते. तिथे चिरलेला ओंडका पडलेला असतो. बाबांनीच तो वसमतहून ट्रकमध्ये टाकून आणला होता, आणि आईला अजून सांगितलेलं नाही तो कशाने चिरला.