तीन बंदुका आणि पाटलांचं दार

तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि आमच्या गावच्या चावडीवर तीन बंदुका सतरंजीवर मांडून ठेवल्या होत्या... गाव केळापूरकडचं, जंगलाला लागून. गोष्ट साठच्या दशकातली, पण ती सतरंजी मला अजून दिसते.

तिन्हींतली एक बंदूक आमची. आमची म्हणजे आमच्या ह्यांची. ठासणीची, पीक राखायला परवाना मिळालेली. हे फौजेतून परत आले, नाल्याकाठचं वावर कसायला घेतलं आणि यवतमाळला खेटे घालून परवाना स्वतःच्या नावावर आणला. दुसरी बंदूक पाटलांची, तिसरी गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची.

त्या बंदुकीचे लाड काय सांगू! नव्या नवरीलाही एवढं कोणी जपत नाही, हे मी अनुभवानं सांगते. तिला तेल, तिला मऊ फडकं... आणि मला हातसुद्धा लावू देत नसत.

तर झालं असं, की शेजारच्या एका गावात भांडणात कोणीतरी बंदूक उगारली. म्हणून तालुक्याहून एक साहेब आले. त्यांचा विचार असा, की यापुढे बंदुका घरोघरी नकोत, सगळ्या पाटलांच्या घरी कुलपात ठेवायच्या. रोज संध्याकाळी ज्याची त्यानं मागून न्यायची, सकाळी परत आणून द्यायची. अजून पक्कं झालेलं नाही, कोणाची हरकत असेल तर सांगा, असंही ते म्हणाले.

ऐकायला किती बरं वाटतं ना? चावडीवरच्या सगळ्या माना डोलल्या. आमचे हे तेवढे उभे राहिले. "मले हे मान्य नाही, साहेब."

का, तर म्हणे रानडुकरं वेळ सांगून येत नाहीत, रोही, म्हणजे नीलगाई, तर दिवसाढवळ्या तुरीत घुसतात. साहेब म्हणाले, पाटलांचं घर हाकेच्या अंतरावर आहे, मग तुमचीच एवढी हरकत का? ह्यांच्याकडे उत्तर होतं, पण ह्यांनी मान खाली घातली. साहेबांचा आवाज चढला. असंच अडून बसलात तर परवान्याचाच विचार करावा लागेल, म्हणाले...

बंदूक गेली तर तूर गेली, आणि तूर गेली तर आमचं वर्ष गेलं.

खरं कारण मला माहीत होतं. पाटील माणूस वाईट नव्हते, पण दार जुनंच होतं. माझे सासरे जन्मभर त्या दारासमोर, पायरीच्या खाली, जोडे हातात घेऊन उभे राहिले होते. जोहार घालायचा आणि आतून कोणी भाकर आणून वरून टाकेपर्यंत वाट बघायची.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा सासऱ्यांनी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, आता त्या दारी मागायला जायचं नाही. मीठ संपलं तरी नाही. कोणी गेलं नव्हतं. आणि आता स्वतःच्या नावाची बंदूक रोज तिथं उभं राहून मागायची?

पण चारचौघांत हे बोलायला ह्यांची जीभ रेटेना. अंगावर आलेल्या डुकराला न भिणारा माणूस, बापाचा अपमान तोंडातून काढू शकत नव्हता. त्यांची ती खाली गेलेली मान मला बघवेना.

मी मागे बायकांत उभी होते, डोक्यावर पदर घेऊन. बोलायचं काही ठरवलं नव्हतं, खरंच सांगते... पण बोलले.

"साहेब, तिन्ही बंदुका आमच्या घरी ठेवा मंग. आमच्या घरी पेटी हाये, कुलूप हाये. पाटीलबाबा रोज संध्याकाळी येतीन, अन् दाराशी उभे राहून आपली बंदूक मागून नेतीन."

सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला.

पाटलांनी मान वर केली. "ते कसं जमन, बाई?"

"तुमाले जमत नाही, तं आमाले कायले सांगता?"



पाटलांनी सतरंजीवरच्या तिन्ही बंदुकांकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "राहू द्या साहेब. ज्याची त्याच्या घरी राहू द्या." ते कारण त्यांनाही त्याच दिवशी कळलं असावं... कळल्यावर त्यांनी वाकडं वाटून घेतलं नाही, हे मी आजही त्यांच्या बाजूनं सांगते.

साहेबांनी अट घातली. बंदूक पेटीत, पेटीला कुलूप, बंदुकीची दारू वेगळी, आणि ते न सांगता येऊन तपासणार. ह्यांनी कडक सलाम ठोकला. कायद्याशी ह्यांचं भांडण कधीच नव्हतं. पुढे नजर अधू झाली तेव्हा कोणी न सांगता स्वतः ठाण्यात जाऊन बंदूक जमा करून आले.

चावडीवरून घरी निघालो. मला वाटलं, आता बोलणी बसणार... पुरुषांत तोंड उघडलं म्हणून. हे पुढे, मी चार हात मागे. वळणावर ते थांबले, खांद्यावरची रिकामी बंदूक काढली आणि माझ्या खांद्याला लावली. परवान्यात हे बसत नव्हतं, त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

वाट पाटलांच्या दारावरूनच जाते. डोक्यावर पदर, खांद्यावर बंदूक आणि शेजारी हे... मागे नाही, पुढे नाही, शेजारी. त्या दारासमोरून आमच्या घरातलं कोणी इतकं सावकाश कधी चाललं नव्हतं.