रानवडे वकिलांची मध्यस्थी

नांद्याचे इंद्रजित रानवडे बावीस वर्षं पौडच्या कोर्टात वकिली करतात. नवरा-बायकोची भांडणं कोर्टाबाहेर मिटवण्यात त्यांचा हातखंडा. पद्धत ठरलेली. बैठक बोलवायची, दोन्हीकडचे मामा हजर ठेवायचे, कारण लग्नात पाठीशी उभे राहतात ते मामाच. मग नवऱ्याला झापायचं, बायकोची समजूत घालायची आणि चहा येण्याआधी निकाल द्यायचा.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पुण्यात शनिवार-रविवारच्या एलएलएमला नाव घातलं. विषय कौटुंबिक कायदा. लेखी पेपर सुटले, घोडं अडलं ते मध्यस्थीच्या प्रात्यक्षिकात. वर्गातले दोघे नवरा-बायको व्हायचे आणि तिसऱ्याने वीस मिनिटांत त्यांना बोलतं करायचं. रानवड्यांनी सातव्या मिनिटाला नवऱ्याला दारू सोडायला लावली आणि बायकोला सोमवारी नांदायला धाडलं.

"तुम्ही मध्यस्थ होतात, न्यायाधीश नव्हे," परीक्षक दिशा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी रानवड्यांना नापास केलं. आता एकच फेरपरीक्षा उरली होती. ती गेली तर वर्ष गेलं.

सराव घरीच सुरू झाला. नियम तीन: सल्ला द्यायचा नाही, दोष द्यायचा नाही, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडायचं. समोर बसली बायको, शीतल.

"वरच्या खोल्या मला न इचारता भाड्यानं दिल्या तुमी," ती म्हणाली.

"अगं, त्यात विचारायचं काय?"

"नापास."

"बरं. पण भाडेकरू चांगले आहेत की नाही?"

"परत नापास. लई घाई हाय तुमाला."

चौथ्या दिवशी वकिलांच्या तोंडून निघालं, "म्हणजे, घरातलं काही ठरवताना तुला जमेस धरलंच जात नाही, असं तुला वाटतं." शीतलने पदर खोचला. मग तिने मागची वीस वर्षं काढली. वकील दोन तास ऐकत होते. सराव उत्तम झाला. खोल्यांचा करार मात्र नव्याने, दोघांच्या सह्यांनी करावा लागला.

फेरपरीक्षेच्या दिवशी वर्गातला ऋषिकेश नवरा होता, अनुष्का बायको. तक्रार अशी की सुसच्या फ्लॅटवर दर शनिवारी सासू-सासरे येतात आणि तिची सुट्टी स्वयंपाकघरात जाते. रानवड्यांच्या जिभेवर निकाल तयार होता. तो त्यांनी गिळला. अकरा मिनिटं त्यांनी नुसतं दोघांचं म्हणणं परत मांडलं. पण दोघेही तेच ते उगाळू लागले, आणि रानवड्यांच्या तोंडून सवयीने निसटलं:

"मामा कुठायत?"

दिशा मॅडमांचं पेन थांबलं. ऋषिकेशने हसू दाबलं.

अनुष्का भूमिकेत होती, पण उत्तर तिने स्वतःच्या मामांचं, खरं दिलं. "उरवड्याला. कंपनीत."

आता माघार नव्हती. रानवडे सावकाश म्हणाले, "ते इथं असते, तर तुम्हाला काय म्हणाले असते?"

अनुष्काने विचार केला. "म्हणाले असते, आईबाप यायचेच. पण एक शनिवार त्यांचा, एक तुझा."

"आणि तुमचे?" त्यांनी ऋषिकेशला विचारलं.

"माझे म्हणाले असते, त्यांच्या शनिवारी भाकऱ्या तू थाप."

"जमतील?"

"पोळ्या आणू बाहेरून," ऋषिकेश म्हणाला. अनुष्का हसली आणि हो म्हणाली. रानवड्यांनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

पास व्हायला पन्नास गुण लागत होते. एक्कावन्न मिळाले.

"मामांमुळे किती गेले, मॅडम?"

"दहा. तिऱ्हाइताला मध्ये आणायचं नसतं."

"आणि मामांमुळे आले किती?"

मॅडमांनी कागद पुन्हा पाहिला. "पंधरा," त्या म्हणाल्या. "आता जा, पुढचा उमेदवार ताटकळलाय."